ईश्वरज्ञान आणि अंतःकरणाचा पालट

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हा सिद्धांत शिकण्यासाठीं विद्यार्थी सत्यवचनी असावा लागतो असें नाहीं. खोटें बोलणारा मुलगाही तो शिकतो आणि कदाचित् वर्गांत पहिलाही येतो. भूगोलाचें, व्याकरणाचें, रसायनाचें असेंच आहे. शिकणारा जसा वर्गांत येतो तसाच, चार गोष्टी अधिक घेऊन, घरीं जातो. ज्ञान त्याच्या पदरीं पडतें. तो स्वतः मात्र होता तसाच राहतो. यांत त्या विषयांचा कांहीं कमीपणा आहे असें नव्हे. परंतु एक ज्ञान असें आहे कीं, शिकणाऱ्यास होता तसा राहूं देऊन तें कोणासही मिळत नाहीं. तें ज्ञान ईश्वराचें होय. ईश्वराविषयीं माहिती मिळविणें ही एक गोष्ट आणि ईश्वरास ओळखणें ही दुसरी. आणि पहिलीपासून दुसरीकडे जाणारी वाट मनुष्याच्या स्वतःच्या अंतःकरणांतून जाते, एवढेंच या लेखांत मला सांगावयाचें आहे.

विषयाचें नांव ऐकून आमच्या कित्येक बालवाचकांना हा लेख आजोबांकडे द्यावा असें वाटेल. त्यांनीं थोडा धीर धरावा. पुढच्याच परिच्छेदांत एक तोफ येणार आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील परंडा या गांवाचें नांव निघालें कीं प्रथम तेथील भुईकोट किल्ला डोळ्यांपुढें उभा राहतो. इ. स. १६०० मध्यें अहमदनगर मोगलांच्या हातीं पडलें, तेव्हां निजामशाहीची राजधानी होण्याचा मान कांहीं काळ याच किल्ल्यास मिळाला होता. ज्या तोफेस लोक ‘मलिक मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी, म्हणतात ती अजस्र तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, पुढें ती परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि १६३२ सालीं आदिलशाही सरदारांनीं ती विजापुरास नेली. सुमारें पंचावन्न टन वजनाची ही वस्तु त्या काळच्या रस्त्यांनीं, नद्यानाले ओलांडून, इतक्या दूर कशी नेली असेल याचा विचार मनांत आला कीं मति गुंग होते. पुढें १६८६ सालीं औरंगजेबानें विजापूर जिंकलें आणि आपल्या विजयाचा लेख तिच्या अंगावर कोरविला. आजही ती विजापूरच्या बुरुजावर आहे आणि तिच्या तोंडाशीं कोरलेला हिंस्र पशूचा जबडा आजही तसाच वासलेला आहे.

आतां या तोफेचें चरित्र पाहा. तिनें तीन सत्ता पाहिल्या, तीन धन्यांचें नांव लाविलें, मुक्काम बदलला, अंगावर नवे लेख धारण केले. परंतु तिचें पोट तेंच राहिलें, तोंडही तेंच. जो बत्ती देईल त्याच्यासाठीं आग ओकावयाची, हा तिचा धर्म अहमदनगरास होता, परंड्यास होता आणि विजापुरासही होता. धर्माच्या बाबतींत आपल्यापैकीं पुष्कळांची स्थिति या तोफेहून फारशी निराळी नसते. कोणी गळ्यांत माळ घालून वारकरी होतो, कोणी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती मंडळींत येतो, कोणी हजची यात्रा करून परत येतो. अंगावर नवा लेख कोरला जातो, शेजारीपाजारी नव्या नांवानें हांक मारूं लागतात. आणि घरांत पाऊल टाकतांच बायकोवर ओरडणें तेंच, भावाशीं शेताच्या बांधावरून तंटा तोच, कुळाकडून दुप्पट वसूल करण्याची बुद्धि तीच! मी हें कोणा एका धर्माच्या लोकांस उद्देशून लिहीत नाहीं. धनी बदलणें आणि धातु बदलणें यांत जो भेद आहे, तो सर्व धर्मांच्या लोकांस सारखाच लागू आहे.

परंड्याच्या किल्ल्यांतून ही तोफ गेल्यावर पन्नास वर्षें होण्याच्या सुमारास त्याच मुलखांत, सीना नदीच्या कांठीं डोमगांवीं, एक मनुष्य येऊन राहिला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतें. एक हस्तलिखित ग्रंथ होता. हा मनुष्य म्हणजे समर्थ रामदासांचा पट्टशिष्य कल्याणस्वामी. समर्थांनीं दासबोध सांगावा आणि कल्याणानें तो लिहून घ्यावा, अशा रीतीनें तो ग्रंथ सिद्ध झाला, हें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. वीस दशक, दोनशें समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या! शाळेंत शुद्धलेखनाचें एक पान उतरवितांना ज्यांची बोटें दुखतात त्यांनीं या कामाचा अंदाज करावा. डोमगांवच्या मठांत जपून ठेविलेल्या याच प्रतीवरून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९०५ सालीं दासबोध छापून प्रसिद्ध केला, आणि मूळ पाठाचा ग्रंथ महाराष्ट्राच्या हातीं आला.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं समर्थांनीं एक संबंध समास लेखनकलेवर घातला आहे. अक्षर कसें वाटोळें व मोकळें असावें, ओळी कशा सरळ याव्यात, कागद, शाई व लेखणी कशी असावी, हें सर्व त्यांत आलें आहे. ग्रंथाच्या आरंभीं जें वळण तेंच शेवटीं असावें, वाचणारास मध्यें कोठें लेखणी बदलल्याचा भास होऊं नये, असा त्यांचा कटाक्ष आहे. परमार्थाच्या ग्रंथांत ही शाळामास्तरी कशासाठीं, असें कोणास वाटेल. मला तर त्यांत मोठें मर्म दिसतें. दोनशें समास एका वळणानें लिहावयाचे म्हणजे नुसता हात स्थिर असून भागत नाहीं. मनही स्थिर असावें लागतें. रागावलेल्या माणसाचें अक्षर आणि घाबरलेल्या माणसाचें अक्षर निरनिराळें उमटतें, हें कोणाही शिक्षकास वह्या तपासतांना कळतें.

परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणें बरें नव्हे. ग्रंथ लिहून घेतल्यानें कल्याणास ईश्वराचें ज्ञान झालें काय? तसें असतें तर आजपर्यंत दासबोधाच्या नकला करणारे किती तरी लेखक झाले, त्या सर्वांसच तें झालें असतें. आणि छापखान्यांतील जुळारी तर परमहंसपदास पोंचले असते! समर्थांना हें चांगलें ठाऊक होतें. म्हणूनच दुसऱ्या दशकांत मूर्खांचीं लक्षणें सांगून ते थांबले नाहींत. त्याच दशकाच्या शेवटच्या समासांत त्यांनीं ‘पढतमूर्ख’ म्हणून एक निराळीच जात वर्णिली आहे. साध्या मूर्खास कांहीं येत नाहीं. पढतमूर्खास सर्व येतें. तो बहुश्रुत असतो, दुसऱ्यास ब्रह्मज्ञान समजावून सांगूं शकतो, आणि स्वतः त्यांतील एका अक्षराप्रमाणेंही चालत नाहीं. एखाद्या ग्रंथकारानें आपल्याच ग्रंथाच्या विद्वान् वाचकांस इतक्या आरंभीं इतका रोकडा इशारा द्यावा, हें मला विलक्षण वाटतें. आणि हा इशारा ज्याच्या लेखणींतून प्रथम उतरला तो स्वतः ग्रंथाचा लेखकच होता. तें लिहितांना कल्याणाच्या मनांत काय आलें असेल?

कल्याणाविषयीं ज्या कथा सांप्रदायिक परंपरेंत चालत आल्या आहेत, त्यांत विहिरीवरील फांदीची कथा विशेष प्रसिद्ध आहे. गुरूच्या आज्ञेवरून अंबाजी नांवाचा हा तरुण ज्या फांदीवर बसला होता तीच तोडूं लागला आणि फांदीसह विहिरींत पडला. वरून समर्थांनीं ‘कल्याण आहे ना?’ अशा अर्थाचा प्रश्न केला, आणि तेंच त्याचें नांव पडलें, अशी ती कथा. कीर्तनांत ही कथा फार रंगते. माझें मन मात्र दुसऱ्याच एका परंपरेकडे अधिक ओढ घेतें. सज्जनगडावर खालच्या नदीचें पाणी मोठ्या हंड्यांनीं वाहून नेण्याचें काम कल्याणाकडे होतें असें सांगतात, व ते हंडे म्हणून भलीं मोठीं भांडीं गडावर दाखवितात. विहिरींत उडी एकदांच घ्यावयाची असते. पाणी रोज आणावें लागतें. जो हात सकाळीं हंडा उचलीत होता तोच दुपारीं लेखणी धरीत होता, असें मनांत आणलें म्हणजे तो ग्रंथ लिहिणाऱ्याच्या आंत कसा उतरला असेल याची थोडीशी कल्पना येते. शब्द कानांनीं आंत जात होता आणि सेवेनें त्याच्यासाठीं आंत जागा होत होती.

शिवाय, गुरूचा सहवास हीच ज्याची सर्व संपत्ति, त्यास समर्थांनीं आपल्यापासून दूर डोमगांवीं पाठविलें, आणि तो गेला. समर्थांच्या निर्याणानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो त्या नदीकांठीं राहिला आणि १७१४ सालीं त्यानें देह ठेविला. गुरु समोर असतां शिष्य शहाण्यासारखा वागतो, शिक्षक वर्गांत असतां मुलें शांत असतात; यावरून कांहींच ठरत नाहीं. तीस वर्षें कोणी पाहणारें नसतां जें टिकतें त्यावरून पालट खरा झाला होता कीं नाहीं हें कळतें.

याच परंड्यास एकोणिसाव्या शतकांत रामदासी संप्रदायांतील दुसरे एक सत्पुरुष, हंसराजस्वामी, होऊन गेले. त्यांचा मठ परंड्यांत आहे. त्यांच्या ग्रंथांपैकीं ‘सदाचार’ हा ओवीबद्ध ग्रंथ आपल्या विषयाच्या अगदीं गाभ्याशीं जाऊन भिडतो. आद्य शंकराचार्यांच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या एका लहानशा संस्कृत प्रकरणाचें तें मराठी विवरण आहे. ‘सदाचार’ हें नांव ऐकून वाचकास वाटतें, पहाटे केव्हां उठावें, स्नान कसें करावें, संध्या व जप कसा करावा, भोजन कसें करावें, याचे नियम यांत असतील. आणि ग्रंथांत हे विषय खरोखरच क्रमानें येतात! परंतु प्रत्येक ठिकाणीं बाहेरचें कर्म आंत वळविलेलें आहे. उठावयाचें तें अज्ञानाच्या झोंपेंतून; धुवावयाचा तो मनाचा मळ; हवन करावयाचें तें ‘मी’पणाचें. धर्मशास्त्राच्या पोथीचा सांचा घेऊन त्यांत आत्मज्ञानाचा रस ओतलेला आहे.

हा ग्रंथ वाचून एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, ‘मग खरें स्नान करावयास नको, मनाचें केलें म्हणजे झालें!’ त्यास उत्तर एवढेंच कीं, ज्याचें मन खरोखर धुतलें गेलें आहे त्यास अंगावर मळ ठेवून शेजारच्यास त्रास द्यावासा वाटणार नाहीं. परंतु उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. नदीवर तीन वेळां बुडी मारणारा आणि स्नानाहून परत येतांना वाटेंत कोणाची सावली पडूं नये म्हणून दूर सरणारा मनुष्य आपल्या देशानें शेंकडों वर्षें पाहिला. त्याच्या अंगावरील पाणी खरें होतें. तें आंत मात्र एक बोटही झिरपलें नव्हतें.

येथें आपण परंडा सोडून थोडें पश्चिमेकडे, पुणें जिल्ह्यांतील केडगांवाकडे वळूं. कारण धनी बदलणें व धातु बदलणें यांतील भेद जितक्या निर्भीडपणें पंडिता रमाबाईंनीं स्वतःसंबंधीं सांगितला, तितका दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं. रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. आईबापांच्या संगतींत तीर्थयात्रा करीत असतां लहान वयांतच भागवताचे हजारों श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. म्हणजे ग्रंथज्ञान ज्यास म्हणतात तें त्यांच्यापाशीं विसाव्या वर्षींच इतकें होतें कीं, शास्त्रीमंडळींनीं आश्चर्य करावें. पुढें १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढून विधवा मुलींच्या शिक्षणाचें कार्य सुरू केलें. विद्या होती, धर्मांतर झालें होतें, लोकसेवाही चालू होती. बाहेरच्या माणसास याहून अधिक काय हवें?

आणि तरीही, १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अनुभवकथनांत रमाबाई सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षेंपर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ज्याच्यासाठीं तो धर्म आहे तो ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्माचीं मतें बुद्धीला पटलीं होतीं, आणि अंतःकरण उपाशी होतें. किती लोकांस हें जाहीरपणें सांगण्याचें धैर्य होईल! ज्यांनीं त्यांच्या धर्मांतरासाठीं त्यांची निंदा केली ते हें वाचून हसतील, आणि ज्यांनीं स्तुति केली ते नाराज होतील, हें त्यांना समजत नव्हतें असें नाहीं. १८९१ च्या सुमारास त्यांच्या आंत जें घडलें त्याचें वर्णन त्यांच्याच शब्दांत वाचावें. मी तें येथें सांगूं लागलों तर तें पुन्हा माहितीच होईल. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र त्या वेळीं विशेष कांहीं दिसलें नसेल. तेंच सदन, त्याच मुली, तेंच काम.

दिसलें तें पुढें, दुष्काळांत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें मरणोन्मुख झालेल्या सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांचीं स्वतःचीं आईबापें अशाच उपासमारींत, त्यांच्या डोळ्यांसमक्ष गेलीं होतीं. त्या आठवणीपासून दूर पळणें सोपें होतें. त्या त्याच आठवणीच्या मध्यभागीं चालत गेल्या. केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें तें या मुलींसाठीं, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथें सुमारें दोन हजार जीवांस आसरा मिळाला. एकीकडे विहिरी, शेती, छापखाना, आंधळ्यांची शाळा, आणि दुसरीकडे अनेक वर्षें चाललेलें बायबलाचें मराठी भाषांतर. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. कल्याणस्वामींच्या हंड्याची आणि लेखणीची आठवण येथें कोणास झाली, तर ती अस्थानीं म्हणतां येणार नाहीं.

शुभवर्तमानांत निकदेम नांवाचा एक विद्वान् शिक्षक रात्रीच्या वेळीं येशूकडे येतो, त्या प्रसंगाचा अर्थ रमाबाईंचें चरित्र वाचल्यावर मला अधिक कळूं लागला. निकदेम लोकांस शास्त्र शिकवीत असे. त्यास नवी माहिती हवी होती. त्यास उत्तर मिळालें तें नव्या जन्माचें. तो गोंधळून गेला. म्हातारा मनुष्य पुन्हा आईच्या पोटांत कसा जाईल, असें त्यानें विचारलें! विद्वान् माणसाचा हा प्रश्न बालिश वाटतो, पण तो स्वाभाविक आहे. ज्याला आजपर्यंत प्रत्येक ज्ञान होता तसें राहूनच मिळालें, त्याला ‘आधीं तूं निराळा हो’ हें उत्तर कसें उमजावें?

आतां सामान्य संसारी माणसाच्या जवळचें एक उदाहरण. कवि नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रें’ आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असतील. नसतील तर असावींत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर, पुढें त्याच्याजवळ राहावयास आल्यावरही, लक्ष्मीबाई आपलें सोंवळें निराळें सांभाळीत होत्या. टिळकांसारखा वक्ता घरांत असूनही वादानें तें सुटलें नाहीं. सुटलें तें त्या एकट्याच विचार करीत असतां: देवानें माणसें केलीं, जाति माणसांनीं केल्या, मग हा भेद मी कोणाच्या आज्ञेनें पाळतें? हा विचार मनांत ठरला आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचें पाणी त्यांना चालूं लागलें. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मला वाटतें, त्यांचें ईश्वरज्ञान त्या पाण्यापाशीं सुरू झालें. ज्यानें सर्वांस निर्माण केलें त्यास मी ओळखतों, असें म्हणावयाचें आणि त्यानें निर्माण केलेल्या माणसाच्या हातचें पाणी टाकावयाचें, या दोन गोष्टी एका अंतःकरणांत राहूं शकत नाहींत. आणि राहत असतील तर पहिली खोटी आहे.

अंतःपालटाची गोष्ट काढली कीं कांहीं लोक डोळे मिटून, गहिवरून, आपल्याला झालेल्या साक्षात्कारांविषयीं बोलूं लागतात. अशा बोलण्याचा मला थोडा धाक वाटतो. गहिंवर खोटाच असतो असें नाहीं. परंतु कीर्तनांत किंवा प्रार्थनासभेंत डोळ्यांत आलेलें पाणी घरीं पोंचेपर्यंत वाळतें, हा अनुभव नवा नाहीं. उलट ज्यांच्या आंत खरोखर कांहीं घडलें ते त्याविषयीं फार बोलतांना दिसत नाहींत. दुसरें, अंतःपालट म्हणजे निव्वळ चांगली वर्तणूकही नव्हे. छडीच्या भयानें शांत बसणारा मुलगा शिस्तींत असतो. त्याचें मन मात्र खिडकीबाहेर असतें. लोक काय म्हणतील या भयानें दानधर्म करणारा श्रीमंत त्या मुलाचाच थोरला भाऊ होय. भय गेल्यावर जें उरतें तें आपलें.

मग ग्रंथ नकोत काय, शाळा नको काय, असें कोणी विचारील. हा प्रश्न आळशी विद्यार्थी फार उत्साहानें विचारतात! कल्याणानें लेखणी टाकून दिली असती तर दासबोध आपल्याला मिळाला नसता, आणि ज्यांना संस्कृत व भागवत येत होतें त्या रमाबाईंनींच हिब्रू व ग्रीक शिकून भाषांतराचे श्रम केले. अंतःपालट झालेल्यांनीं विद्येचा तिरस्कार केलेला दिसत नाहीं. बीं पेरावयास हवेंच. परंतु पोत्यांत भरून ठेविलेलें बीं कितीही उत्तम असलें तरी तें उगवत नाहीं, आणि त्यास उंदीर लागतात. अहंकार हा विद्येला लागणारा उंदीर. परंड्याकडील कोरडवाहू शेतीचा अनुभव असलेल्या पालकांस हें अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं. पाऊस पडेल कीं नाहीं तें आपल्या हातीं नसतें. रान नांगरून ठेवणें तेवढें असतें. अंतःकरणाचा पालटही मनुष्य आपल्या बळानें घडवूं शकत नाहीं, तें ईश्वराचें देणें आहे, असें सर्व संतांनीं सांगितलें. आणि तेंच सांगणारे संत पहाटे उठून नांगर धरीत होते.

तेव्हां विद्यार्थ्यानें काय करावें? मोठमोठीं व्रतें मी सुचवीत नाहीं. दिवसांतून थोडा वेळ, पुस्तक न घेतां व कोणास न सांगतां, स्वस्थ बसावें आणि आज आपण कोणाशीं कसे वागलों हें ईश्वरासमोर आठवावें. सबबी शोधूं नयेत. धाकट्या भावाची वस्तु हिसकावली असेल तर सकाळीं ती परत करावी, आणि त्यास ‘चुकलों’ म्हणावें. मोठ्यांस ‘चुकलों’ म्हणणें सोपें असतें, कारण त्यांत भय असतें. धाकट्यास म्हणणें कठीण. शाळेचा शिपाई, घरची मोलकरीण, वर्गांतील सर्वांत मागें पडणारा मुलगा, यांच्याशीं बोलतांना आपला आवाज कसा असतो हें ऐकावें. ज्याच्यापासून आपल्याला कांहीं मिळावयाचें नाहीं त्याच्यासमोरच आपण खरे कसे आहों हें कळतें. पुष्कळ दिवस कांहींच बदललेंसें वाटणार नाहीं. त्याची काळजी करूं नये.

पालकांस मात्र थोडें स्पष्ट लिहितों. मुलाकडून श्लोक, अभंग, स्तोत्रें पाठ करून घ्यावींत. तें धन पुढें कामास येतें. परंतु पाहुण्यांपुढें उभें करून त्याच्याकडून तीं म्हणवून घेण्याची आणि ‘आमचा बाळ मोठा धार्मिक’ असें म्हणण्याची चाल सोडावी. त्यानें मुलाला ईश्वर हा टाळ्या मिळविण्याचा एक विषय वाटूं लागतो, आणि पढतमूर्खाची पहिली इयत्ता घरींच पुरी होते. तसेंच, मुलाच्या मनांत पालट घडवून आणण्याची घाई करूं नये. बापानें रोज विचारूं नये, ‘आज प्रार्थनेंत तुला काय वाटलें?’ मूल बापाला आवडेल तें सांगेल. त्याऐवजीं बाप सावकाराशीं काय बोलतो, गडी आजारी पडला तर त्याची मजुरी कापतो कीं नाहीं, आईला कोणत्या शब्दांनीं हांक मारतो, हें मूल रोज पाहत असतें. घरांतील ईश्वरज्ञानाचा पाठ तोच. बाकी सर्व त्या पाठावरील टीका.

रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लागलीं. कल्याणानें ग्रंथ लिहून पुरा केल्यावरही पुढें सीनेच्या कांठीं तीस वर्षें काढलीं. हें ध्यानांत आणिलें म्हणजे वर्षाच्या शेवटीं घरीं येणाऱ्या प्रगतिपुस्तकांत गणित, इंग्रजी, मराठी, इतिहास यांचे रकाने असतात आणि या विषयाचा नसतो, याबद्दल कोणी शाळेस दोष देणार नाहीं.